अण्णा आणि वेल्ह्याचा खापरखवल्या

आमच्या शेजारच्या अण्णांच्या कोटाला दोन खिसे होते. उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे असत, डाव्या खिशात ओल्या मातीतली गांडुळं. आणि अण्णा होते जन्माचे विसराळू. त्यामुळे भोरातल्या आमच्या आळीतल्या पोरांना एक शिस्त आपोआप लागली होती. अण्णा "खाऊ घे रे" म्हणाले की हात लगेच पुढं करायचा नाही. आधी अण्णांच्या मुठीतून काय डोकावतंय ते बघायचं.

मी लग्न होऊन भोरात आले तेव्हा हे मला कोण सांगणार? सासूबाई मला शेजारी नमस्काराला घेऊन गेल्या. मी वाकले. अण्णांनी भरघोस आशीर्वाद दिला, खिशात हात घातला आणि माझ्या ओंजळीत काहीतरी गार, वळवळतं ठेवलं. दुसरी एखादी तिथंच आडवी झाली असती. पण माझं माहेर भोंगवलीचं. बांधावर खेळून मोठी झालेली मी, गांडुळाला भिऊन कसं चालेल? मी ते तसंच अंगणात नेलं, तुळशीच्या मातीत सोडलं, हात धुतले आणि परत येऊन पाटावर बसले. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. अण्णा मात्र मी चारी वेद म्हणून दाखवल्यासारखे माझ्याकडं बघत राहिले.

"हिला समज आहे," ते सासूबाईंना म्हणाले. "ओल्या मातीत सोडलंन्."

तेव्हापासून अण्णांची माझ्यावर मर्जी बसली, ती कायमची.

अण्णा संस्थानच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मी पाहिले तेव्हा नोकरी संपलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. किडकिडीत अंग, काळी टोपी आणि जानव्याला किल्लीबरोबर बांधलेलं एक भिंग. इतर लोक जानव्यानं पाठ खाजवत. अण्णा जानवं वर ओढून त्यातून जगाकडं बघत. बाजारात वांगी घेतानासुद्धा भिंग बाहेर निघायचं. वांगीवाली म्हणायची, "बघा बघा मास्तर, वांग्याला बी खवलं फुटली असतील."

खरं म्हणजे त्या भिंगातून त्यांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मन लावून बघितली. खापरखवल्या. हा एक लहानसा साप. वीत-दीडवीत लांब, बोटाएवढा जाड, काळपट आणि चकचकीत. जमिनीखाली राहतो, गांडुळं खातो, पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की नाइलाजानं वर येतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तोंड टोकदार आणि शेपूट मात्र विळीवर तिरकं कापल्यासारखं. त्या कापावर खरबरीत चकती असते, तिला माती चिकटून राहते आणि शेपटाला खापराचा तुकडा लावल्यासारखं दिसतं. लोक त्याला दुतोंड्या म्हणायचे आणि दिसला की फावड्यानं दोन तुकडे करायचे. हे अण्णांना फार लागायचं.

"दोन तोंडं माणसाला असतात," ते म्हणायचे. "या बिचाऱ्याला एकच आहे, आणि तेही तो कुणापुढं उघडत नाही."

या सापांच्या सगळ्या जातींची डोकी सारखीच, असं अण्णांचं म्हणणं. फरक कळतो तो शेपटावरून. त्यामुळे "घाई करू नका, आधी शेपूट बघा" हे त्यांचं ब्रीदवाक्य झालं होतं आणि ते त्यांनी सापापुरतं ठेवलं नव्हतं. माझ्या धाकट्या दिरांसाठी शिवऱ्याचं स्थळ सांगून आलं. मुलगी गोरी, घराणं चांगलं, आम्ही सगळे खुशीत. अण्णा ओसरीवर शेंगदाणे सोलत बसले होते. ते म्हणाले, "सगळं खरं, पण शेपूट बघितलं का?" मुलीचा मामा तिथंच चहा पीत होता. त्याला ठसका लागला तो लागलाच, आणि ते स्थळ पुन्हा काही आमच्या आळीत फिरकलं नाही.

नागपंचमीचा तर दरवर्षी तमाशा. आमच्याकडं पाटावर गंधानं नाग काढून त्याची पूजा करायची पद्धत. शेजारी ड्रॉइंग मास्तर असताना आळीतल्या बायका दुसऱ्या कुणाकडं जाणार? सगळे पाट सकाळी अण्णांच्या ओसरीवर. अण्णा आंघोळ करून, सोवळं नेसून, भक्तिभावानं एकेका पाटावर चित्र काढायचे आणि नागाऐवजी खापरखवल्या काढून ठेवायचे. अंगावरचं खवलं न् खवलं जिथल्या तिथं.

"अहो अण्णा, फणा कुठाय?" सासूबाई विचारायच्या.

"याला नसतो."

"मग पूजा कशाची करू? शेपटाची?"

"केलीत तर उत्तमच," अण्णा म्हणायचे. "नागाला पुजणारं सगळं गाव आहे. याला कोण आहे?"

मग सासूबाई दातओठ खात काडीनं त्याला फणा जोडायच्या. लाह्या-दूध वाहून हात जोडताना त्या नागोबाची क्षमा मागायच्या आणि अण्णांचा उद्धार करायच्या, दोन्ही एका दमात.

पावसाळा लागला की अण्णा वेल्ह्याला निघायचे. नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं मिळाली तर बैलगाडी, नाहीतर पायी. तोरण्याच्या पायथ्याला, धनगरांच्या वाड्यांच्या आसपास ते दिवसच्या दिवस खुरपं घेऊन दगड उलथीत, शेणाचे ढीग उकरीत फिरायचे. डोक्यावर घोंगडीची खोळ, चहूकडं धुकं आणि पुढं वाकलेले अण्णा. आता मला सांगा, तोरण्याखाली माती उकरणारा पांढरपेशा माणूस बघून तिथल्या लोकांनी काय समजायचं? गडावर धन सापडल्याच्या गोष्टी तिथं शेंबडं पोरही सांगतं. लोकांनी समजायचं तेच समजलं.

धोंडिबा नावाच्या धनगरानं तर एकदा स्पष्टच विचारलं. ही हकीकत अण्णा स्वतःच हसत हसत सांगायचे.

"मास्तर, गावलं का काय?"

"धन नको मला, धोंडिबा. मी साप शोधतोय."

"व्हय की. म्या कुठं न्हाई म्हन्तो? धनावर साप असतोयच."

"अरे, गांडुळं खाणारा बारका साप."

"बारका असंल तर धन बी बारकं असंल. चालंल की आमास्नी."

अण्णा जिथं जिथं खुरपं मारून पुढं जात, तिथं तिथं मागून दोनतीन घरची माणसं येऊन कमरेएवढा खड्डा खणत. शेवटी सगळा उतार असा उकरला गेला की धोंडिबाच्या शेळ्या पाय मोडून घ्यायला लागल्या. मग धोंडिबानंच वाडीला दम भरला, की मास्तर खुळा हाय पर खोटा न्हाई, त्याला साप पायजे तर साप द्या. आणि एका आषाढात त्यानं गोवऱ्यांच्या उडव्याखालून धरलेला एक खापरखवल्या मडक्यात घालून, वर फडकं बांधून, अण्णांच्या हाती दिला.

त्या मडक्यानं अण्णांची झोप उडवली.

झालं असं की हा साप अण्णांच्या इंग्रजी पुस्तकात बसेना. ते पुस्तक त्यांनी मुंबईहून मागवलं होतं आणि इतकं वाचलं होतं, की त्याची पानं जुन्या नोटांसारखी मऊ झाली होती. पुस्तकात सह्याद्रीतले सगळे खापरखवले होते. पण एकाच्याही शेपटावरची चकती अशी नव्हती, पोटाखालच्या खवल्यांची ओळ जुळत नव्हती, आणि डोळा तर इतका बारीक, की खवल्याच्या आत आहे की नाही असा संशय यावा. अण्णांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. मग एका दुपारी ते आमच्या ओसरीवर आले आणि कुणीतरी ऐकेल अशा भीतीनं हळूच म्हणाले, "सूनबाई, हा कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे?"

"नवी जात आहे. मुंबईच्या संग्रहालयातल्या विद्वानांनी मान्य केलं, तर याला नाव द्यायचा मान माझा. छापून येतं ते. मग जगात कुठंही, कधीही, याला त्याच नावानं ओळखायचं." आणि थोडं थांबून म्हणाले, "नाव माझ्या मनात आहे."

"कुठलं?"

ते अण्णांनी सांगितलं नाही. पण त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. नेहमीचा बावळा, हरवलेला भाव नव्हता; कशाची तरी फार आस लागलेल्या माणसासारखे दिसत होते. मलाच कसंतरी झालं.

आळीत मात्र तर्कांना ऊत आला. आमच्या यांचं मत, अण्णा संस्थानच्या सरकारांचं नाव देणार. सासूबाई म्हणाल्या, "सरकारांचं नाव सरपटणाऱ्याला? हद्दपार करतील म्हाताऱ्याला." कुणी म्हणालं, स्वतःचंच देतील. कुणी म्हणालं, गव्हर्नरसाहेबाचं. अण्णा सगळं ऐकत आणि गालात हसत. त्यांनी सापाची चित्रं काढली, वर्णन लिहिलं आणि सगळं मुंबईला धाडून दिलं. आणि उत्तराची वाट बघायला लागले.

मला तेव्हा दिवस गेलेले होते. पहिलटकरीण म्हणून काम हातातून काढून घेतलेलं, दुपार जाता जात नसे. मी ओसरीवर चटई टाकून पडायची, पलीकडं अण्णा मडक्याशेजारी बसायचे. वरून श्रावणाचं भुरभुर पाणी. अण्णा बोलायला लागत, कुणाशी ते कळत नसे. माझ्याशी, मडक्याशी की त्या पाण्याशी. म्हणायचे, आपल्या पायाखाली आणखी एक गाव आहे. तिथं उजेड नाही आणि घाईही नाही. हे साप मातीत पोहतात. माशाला पाणी जसं वाट देतं तशी माती त्यांना वाट देते. वर पाऊस पडला तर त्यांना तो फार उशिरानं कळतो, हळूहळू, आधी गारवा, मग वास. वर माणसं जन्मतात, मरतात, राज्यं येतात, जातात; खाली नुसती ओल वाढते आणि कमी होते. मी अर्धवट झोपेत ऐकत राहायची. पोटात बाळ फिरायचं तेव्हा मला वाटायचं, हेही तिथलंच, त्या अंधारातल्या मऊ गावातलं. आणि मग मला गाढ झोप लागायची.

आता यातही विघ्न आलंच. सासूबाईंनी एक दिवस सापाच्या डोळ्यांची गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारला. "डोळे कुठून राहणार? पोटुशीची सावली पडली की साप आंधळा होतो, हे काय नवीन आहे? ही रोज तिथं पसरलेली असते." झालं. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, की अण्णांच्या नव्या जातीचे डोळे माझ्यामुळं गेले.

मी म्हटलं, बोलतील आणि गप्प बसतील. पण दुसऱ्या दिवशी अण्णाच आले, चांगला कोट-टोपी घालून.

"सूनबाई, एक विचारू? रागावू नकोस. तू त्या मडक्यात डोकावली नव्हतीस ना?"

"अण्णा! तुम्हीसुद्धा?"

"मी मानत नाही. मुळीच मानत नाही. पण मुंबईला कळवायचं म्हणजे प्रत्येक शंका निस्तरलेली बरी."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "हे बघा, डोकावून दिसतंय काय तुमच्या मडक्यात? नुसती माती. आणि तो वेल्ह्याहून आला तेव्हापासूनच डोळा दिसत नव्हता, हे तुम्हीच सांगितलंत. माझी सावली काय तोरण्यापर्यंत जाते?"

अण्णांचा जीव भांड्यात पडला. "बरोबर. हे बिनतोड आहे. हे लिहितो." आणि खरंच लिहिलं हो त्यांनी मुंबईला, इंग्रजीतून.

भाद्रपदात, गौरी-गणपती झाल्यावर, मुंबईच्या संग्रहालयाचे एक पाहुणे स्वतःच आले. तरुण, चष्मेवाले, फार मऊ बोलणारे. आम्हाला वाटलं होतं कुणी मोठे मिशाळ साहेब येतील. त्यांनी आल्या आल्या ओसरीवरच्या बायकांकडं बघून विचारलं, "यांच्यापैकी सावली कुणाची?" मी पदर तोंडाला लावून आत पळाले आणि दाराआडून बघत राहिले.

आळी सगळी जमली होती. पाहुण्यांनी मडकं पालथं केलं, साप तळहातावर घेतला, आपलं भिंग लावलं, मग अण्णांचं भिंग मागून घेतलं. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा हात डाव्या खिशात होता आणि बोटं मातीत चाळवत होती.

"अण्णासाहेब," पाहुणे म्हणाले, "तुमचं चित्र अचूक आहे. पुस्तकात हा नाही हेही खरं. पण हा नवा नाही."

अण्णांची खिशातली बोटं थांबली.

"फार वर्षांपूर्वी एका साहेबाला असा एक मिळाला होता. त्यानं चार ओळी लिहून नाव दिलं आणि कुठल्याशा जुन्या विलायती अंकात छापलं. नंतर कुणी ते बघितलंच नाही. पुस्तकं लिहिणारेही विसरले. तुमचं चित्र आलं म्हणून मी शोधायला लागलो, तेव्हा सापडलं. आमच्या शास्त्राचा नियम असा, की पहिलं दिलेलं नाव तेच खरं. ते मोडता येत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, म्हातारा आता खाली बसतो. पण अण्णा भिंत सोडून पुढं आले आणि वकिलासारखे प्रश्न विचारायला लागले.

"म्हणजे ते नाव कुणालाच माहीत नव्हतं?"

"कुणालाच नाही."

"नाव दिलं तेव्हा काही गाजावाजा, समारंभ?"

पाहुणे हसले. "कसला समारंभ? चार ओळी."

"आणि साप? तो जिवंत होता?"

"छे, मेलेला. बाटलीत होता. पण त्यानं काय होतं?"

"ज्यानं नाव दिलं तो साहेबही गेला असेल."

"केव्हाच."

"तरी ते नाव राहतं?"

"राहतं," पाहुणे म्हणाले. "एकदा दिलं की राहतं."

अण्णांनी मान हलवली. साप हातात घेतला, पुन्हा मडक्यातल्या मातीत सोडला. पाहुण्यांना आग्रह करकरून जेवू घातलं, मोटारीपर्यंत पोचवलं. आणि येताना हलवायाकडून पेढे घेऊन आले आणि आळीत घरोघर वाटत सुटले.

लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. यांनी मला सांगितलं, "जरा लक्ष ठेव त्यांच्यावर." आमच्याकडं पेढे घेऊन आले तेव्हा मी ओसरीवर वाती वळत होते. मी काही मनात ठेवणारी बाई नाही. सरळ म्हटलं, "अण्णा, इतकी वर्षं चिखल तुडवलात, हाती काही आलं नाही, आणि पेढे कसले वाटताय?"

ते माझ्यासमोर पायरीवर बसले. दोन्ही खिसे चाचपले, उजव्यातून शेंगदाणे काढले, त्यांच्याकडं बघत राहिले.

"सूनबाई, आम्हाला मुलगी झाली होती," ते म्हणाले. "नवव्या दिवशी गेली. बारसं झालं नाही. बारसं नाही म्हणजे नाव नाही, असं आपल्यात धरतात. लोक 'ते मूल' म्हणायचे. आमच्या हिला फार लागायचं ते. पण ती जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या कानात नाव सांगितलं होतं. वेणू. ही शेजारी होती, तिनं ऐकलं. मग हीही गेली. आता ते नाव ठाऊक असलेला मी एकटाच. माझ्यामागं तिला नाव होतं हेही कुणाला कळणार नाही. म्हणून वाटायचं, त्या सापाला तिचं नाव मिळालं तर कुठंतरी छापून राहील."

वाती तशाच हातात राहिल्या.

"पण आता ते काही अडत नाही बघ," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. "ते मुंबईचे काय म्हणाले, ऐकलंस ना? समारंभ नको, कुणाला ठाऊक असायला नको. ज्याला नाव दिलं तो जिवंत असायला नको, देणारा राहिला नाही तरी चालतं. एकदा दिलं की ते राहतं. मी तर उगीच इतकी वर्षं काळजी करत होतो."

मला हुंदका आवरेना. मी तशीच रडत म्हटलं, "अण्णा, मला मुलगी झाली तर तिचं नाव वेणू ठेवते. सगळी आळी हाक मारील तिला."

अण्णा एकदम उठून उभे राहिले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फार हळुवारपणे, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "नको, सूनबाई. ते नाव वापरात आहे."

दिवाळीनंतर मला मुलगी झाली. तिचं नाव आम्ही सुमन ठेवलं.